मक्याच्या शेतातली लपाछपी

दर सप्टेंबरात दोन-तीन दिवस मी घराच्या सगळ्या खिडक्या लावून बसते. बाहेर छान ऊन असतं. नवरा म्हणतो, "अगं, हवा तरी येऊ दे घरात," पण मी ऐकत नाही. आमच्या गावाच्या कडेला मक्याची शेतं आहेत आणि त्या दिवसांत मका कापायचं यंत्र येतं. त्याचा आवाज आधी भुंग्यासारखा लांबून येतो, मग वाढत वाढत अख्खी गल्ली भरून टाकतो. तो ऐकला की माझे हात गार पडतात. मुलगी आता माझ्याहून उंच झाली आहे, तरी मी आधी ती कुठे आहे ते बघून येते.

मुळात मी भित्री नव्हते, हे मला सांगायलाच हवं. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं लहानपण गेलं. सातव्या वर्षी मला म्हशीची धार काढता येत होती. उसात शिरून गुरांसाठी पाला काढून आणायचं काम आम्हा मुलींकडे असायचं. हातांवर चरे पडायचे, तिकडे कोणी बघायचंसुद्धा नाही. ज्वारी भरली की माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकायची. कंबरेला वाळका भोपळा बांधून मला विहिरीत सोडलं होतं, तशीच मी पोहायला शिकले. उसात साप निघाला तर आम्ही "गेला का?" एवढंच विचारायचो आणि पुढच्या ओळीला लागायचो.

भीती मला जर्मनीत आल्यावर लागली. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नवऱ्याची नोकरी गेर्लिंगेनमध्ये होती, पण तिथे मनासारखी वोनुंग, म्हणजे भाड्याची जागा, मिळेना, म्हणून आम्ही आठ-दहा किलोमीटरवरच्या एका छोट्या गावात राहायला आलो. तो सकाळी सातच्या बसने जायचा आणि संध्याकाळी सहाला यायचा. मधले अकरा तास मी आणि सहा वर्षांची मुलगी. पेटीत सरकारी पत्र पडलं की मला धस्स व्हायचं. दाराची घंटा वाजली की जर्मन वाक्य मनात जुळवेपर्यंत आलेला माणूस निघून जायचा. आपल्या हातून काहीतरी चुकणार आहे आणि ते चुकल्यावरच आपल्याला कळणार आहे, असं मला दिवसभर वाटत राहायचं.

त्यातल्या त्यात जीव रमायचा तो शेजारच्या गोठ्यामुळे. आमच्या घराला लागून एका पासष्टीच्या बाईचं शेत होतं. तीस-पस्तीस गाई, मागे मक्याचं मोठं शेत, अंगणात शेणाच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. तिच्या दोन नाती, एक आठ वर्षांची, एक दहाची, तिला ओमा, म्हणजे आजी, म्हणायच्या, म्हणून आम्हीही तिला ओमाच म्हणायला लागलो. एकदा तिच्याकडे वीज गेली आणि दूध काढायचं यंत्र बंद पडलं, तेव्हा मी उकिडवी बसले आणि एका गाईची धार हाताने काढून दाखवली. ओमा बघतच राहिली. मग तिनेही दुसरी गाय घेतली, आणि आम्ही दोघी पाऊण तास एकमेकींशी एक शब्द न बोलता धारा काढत होतो. जर्मनीत आल्यापासून मला पहिल्यांदाच स्वतःच्या हातांचा अभिमान वाटला.

त्या दिवसापासून माझी मुलगी तिच्या नातींबरोबर खेळायला लागली. दुपारी जेवण झालं की ती जी पळायची ती पाचपर्यंत यायचीच नाही. दोघींच्या पायांना रबर अडकवून त्यावरच्या उड्या, खडूने फरशीवर घरं आखून लंगडी. आमची ठिकरीच ती, फक्त शेवटच्या घराचं नाव स्वर्ग. ती वासरांना बाटलीने दूध पाजायला शिकली, गवताच्या गठ्ठ्याची दोरी सोडायला शिकली, कुंपणाच्या तारेत वीज चालू आहे की नाही हे गवताची काडी टेकवून बघायला शिकली. हे शेवटचं मला कळलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोळा ट्रॅक्टरवर आणि एक त्या टाकीच्या झाकणावर ठेवून पोळ्या लाटायचे. मी त्या वयात काय काय केलं होतं ते मला आठवत होतं, पण ती हिंमत मी तिच्या वाट्याला येऊ द्यायला तयार नव्हते.

लपाछपीत मात्र ती रोज हरायची. शेताच्या कोपऱ्यावर अक्रोडाचं झाड होतं, त्याला तोंड लावून राज्य असलेलीने आकडे मोजायचे. त्या दोघी मोठ्या, आणि चलाख. मी मुलीला हाक कशी मारते ते त्यांनी ऐकून ऐकून पाठ केलं होतं. माझ्याच सुरात, जर्मन जिभेने त्या ओरडायच्या, "बाळाऽऽ, जेवायला येऽऽ!" आणि ही वेडी खरोखरच बाहेर यायची. मग त्या हसायच्या आणि हिच्यावर राज्य. एक दिवस ती घरी आली ती हुंदके देतच. मराठी तिला सगळं समजायचं, पण बालवाडीपासून इथेच वाढल्यामुळे बोलायची ती जर्मनमध्येच. त्यातच ती म्हणाली, "ममा, मला त्या फसवतात. मी मूर्ख आहे."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. कारण मलाही असंच फसवलं होतं. माझा एक चुलतभाऊ माझ्या आईचा आवाज हुबेहूब काढायचा. कडब्याच्या गंजीमागे मी लपले की तो आईच्या आवाजात हाक मारायचा, मी यायचे आणि पुढची अख्खी दुपार राज्य माझ्यावर. शेवटी मी ठरवलं, कोणीही हाक मारो, हलायचं नाही. त्या दिवशी मी गंजीमागून आले आणि त्याच्या पाठीत असा धप्पा घातला की त्याला ठसका लागला.

तर मी मुलीला समोर बसवलं आणि आमच्या गावचे नियम शिकवले. राज्य असलेलीच्या मागून जाऊन पाठीवर थाप मारायची आणि "धप्पा" म्हणायचं, म्हणजे तिच्यावर पुन्हा राज्य. मग म्हटलं, "नीट ऐक. कोणी म्हणेल खेळ संपला, ते खोटं. कोणी म्हणेल आई बोलावतेय, तेही खोटं. अगदी माझा आवाज आला तरी यायचं नाही. धप्पा घालता येईल तेव्हाच बाहेर पडायचं. कळलं?"

"माझी ममा बोलावतेय असं वाटलं तरी?"

"तरी."

तिने गंभीरपणे मान हलवली. मी स्वतःवर फार खूश झाले. रात्री नवऱ्यालाही सांगितलं, तर तो म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! आता बघ कशी जिंकते." पुढचे आठ दिवस ती खरंच जिंकत होती.

मका कापणारं यंत्र ओमाचं नव्हतं. एक माणूस ते घेऊन गावोगाव फिरायचा आणि ज्याचा त्याचा दिवस ठरलेला असायचा. ओमाचा दिवस गुरुवार होता. बुधवारी संध्याकाळी आपण मुलींना शेतात जायला बंदी घालू, असं तिने मला सांगितलंही होतं. पण बुधवारी दुपारीच आभाळ भरून यायला लागलं. ओल्या मक्याचा मुरघास, म्हणजे गाईंसाठी मुरवलेला चारा, नीट होत नाही, म्हणून तो माणूस एक दिवस आधीच आला. ओमाने त्याला वरच्या अंगाने सुरुवात करायला सांगितलं. तिचा मुलगा शेजारून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन चालला. मुली आमच्या घरी आहेत असं तिला वाटलं, आणि त्या तिच्या गोठ्यात आहेत असं मला.

मी भांडी घासत होते. तो भुंग्यासारखा आवाज आला तेव्हा मी पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग ओमाच्या दोघी नाती अंगणातून पळत येताना दिसल्या. दोघीच. मी हात तसेच साबणाचे घेऊन बाहेर गेले आणि विचारलं, ती कुठे आहे?

"आम्ही खेळ थांबवला," मोठी म्हणाली. "यंत्र आलं म्हणून थांबवला. तिला खूप हाका मारल्या. ती येत नाहीये."

"कुठे लपली आहे?"

तिने मक्याकडे बोट दाखवलं.

दोन पुरुष उंच हिरवा मका, आणि त्याच्या वरच्या टोकाला ते यंत्र, लाल रंगाचं, एका फेरीत सहा ओळी खात येणारं. ताटं उभीच्या उभी आत जायची आणि मागच्या नळातून बोटाएवढे तुकडे होऊन ट्रॉलीत उडायची. त्यानंतर मी कशी धावले ते मला आठवत नाही. चप्पल एकच घरी परत आली, एवढं नंतर कळलं.

यंत्राच्या समोर जाऊन मी दोन्ही हात वर करून उभी राहिले. चालक काचेच्या खोलीत बसलेला, कानांवर आवाज अडवायची टोपणं. त्याने मला पाहिलं ते अगदी जवळ आल्यावर. यंत्र थांबलं, पण आतली पाती फिरतच होती. तो दार उघडून माझ्यावर ओरडला. मला जर्मन आठवेना. मी मराठीतच ओरडले, "पोरगी आहे आत! माझी पोरगी आहे!" आणि मग एकच जर्मन शब्द सापडला, "किंड!" मूल. त्याने हात मागे नेऊन यंत्र बंद केलं. त्याचा चेहरा पांढरा झालेला मी पाहिला, आणि तो आपल्या मागे कापून झालेल्या पट्ट्याकडे वळून बघू लागला. तो का बघतोय हे मला कळलं आणि मी तिथेच बसले.

कापलेल्या पट्ट्यात काही नव्हतं. ओमाच्या मुलाने तो सगळा चालून पाहिला. ट्रॉलीतला चारा त्याने हातांनी उकरला. तोवर मी डोळे मिटून "नको, नको" एवढंच म्हणत होते.

मग आम्ही हाका मारायला लागलो. ओमाने मारल्या, तिच्या मुलाने मारल्या, चालकाने मारल्या. मी मक्यात शिरून घसा फाटेस्तोवर ओरडले. "बाळाऽऽ! अगं मी आहे! आई आहे! ये गं बाहेर!" मक्याची पाती तोंडावर सपासप लागत होती. दोन ओळींपलीकडचं काही दिसत नव्हतं आणि माझा आवाज पानांतच जिरत होता. उत्तर नाही. हुंदका नाही, हालचाल नाही. वारा सुटला होता, त्यामुळे सगळंच हलत होतं.

नवऱ्याला फोन लावला तेव्हा माझा आवाज ओळखूच आला नाही त्याला.

"आधी शांत हो. आल्झो, हे बघ, ऐक, पोलिसांना फोन केला का?"

"ती मक्यात आहे रे. उत्तर देत नाहीये."

"मक्यातच आहे हे नक्की का? दुसरीकडे गेली असेल. ओढ्याकडे? किंवा..." तो थांबला. "मी निघतो. टॅक्सी करतो. तू फोन चालू ठेव."

तो "किंवा"च्या पुढे काय म्हणणार होता ते मला माहीत होतं, कारण त्याच वेळी ओमा अंगणातल्या टाकीकडे चालत गेली होती. तिने झाकणावर हात ठेवला, ओढून पाहिलं. पक्कं बसलेलं होतं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. साठ-पासष्ट वर्षं शेतात काढलेल्या त्या बाईला भिंतीचा आधार लागला, हे पाहून माझा उरलासुरला धीर गेला.

अर्धा तास झाला. चालक आभाळाकडे बघायला लागला. तो वाईट माणूस नव्हता, पण तो ओमाला हळूच म्हणाला, ती आत असती तर एवढ्या हाकांनी आलीच असती, नाही का? ती आत नसावी. ओमाने टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. तिलाही तसंच वाटतंय, हे मला कळलं.

तेव्हा धाकटी नात रडायला लागली. मघापासून ती आजीच्या ॲप्रनला धरून उभी होती. ती म्हणाली, "ती येणारच नाही. तिने सांगितलंय आम्हाला. तिची ममा स्वतः बोलावत असली तरी ती येणार नाही. ते खोटं असतं. तिच्या ममानेच तिला तसं सांगितलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गेला अर्धा तास जिच्या नावाने ओरडत होते तिला मीच बजावलं होतं, की या आवाजावर विश्वास ठेवू नकोस. जितक्या जोरात मी ओरडत होते तितकी ती जास्त अंग चोरून बसत असणार. मी गयावया करत होते आणि तिला वाटत असणार, आज या फारच छान नक्कल करतायत.

मी ओमाला म्हटलं, सगळ्यांना अंगणाच्या मागे घेऊन जा. कोणी दिसता कामा नये आणि कोणी बोलायचं नाही. माझं जर्मन तिला किती कळलं कोण जाणे, पण तिने सगळ्यांना हाताने मागे लोटलं. चालकाला तिने यंत्राची किल्ली मागितली. त्याने ती दिली आणि तिने ती आपल्या खिशात टाकली.

मी अक्रोडाच्या झाडाशी गेले. मक्याकडे पाठ केली. दोन्ही तळहात डोळ्यांवर घेतले आणि कपाळ खोडाला लावलं. आयुष्यात मी इतकं अवघड काही केलेलं नाही. माझं मूल त्या शेतात होतं की नव्हतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून डोळे मिटून उभी होते. मग मी आमच्या गावात मोजायचे तसं मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस, चाळीस. हे आकडे त्या दोघींना येत नव्हते. याची नक्कल त्यांनी कधीच केली नव्हती. साठ, सत्तर, ऐंशी. आवाज कापत होता, तो सरळ ठेवायचा होता, खेळणाऱ्या माणसाचा ठेवायचा होता. नव्वद, शंभर.

काही झालं नाही.

मी पुन्हा सुरुवात केली. दहा, वीस. मागे पानं सळसळली. वारा की ती? वळून बघितलं तर ती राज्य असलेलीची लबाडी, आणि लबाडी दिसली की ती परत आत पळणार. मी नखं कपाळात रुतवली. शंभर झाले. मी तिसऱ्यांदा सुरू केलं. चाळीसला पावसाचा पहिला थेंब मानेवर पडला. पन्नास म्हणताना मला वाटलं, चालक बरोबर बोलतोय, ती आत नाहीच, मी इथे वेड्यासारखी झाडाशी बोलतेय आणि ती कुठेतरी पाण्यात आहे. साठ मला म्हणताच येईना.

पाठीच्या मधोमध एक छोटी थाप बसली.

"धप्पा!"

मी वळले आणि तिला इतकी घट्ट धरली की ती किंचाळली. केसांत मक्याचा तुरा, गालावर ओरखडे, गुडघ्यांना चिखल. ती हसत होती. मग माझा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. तिने जर्मनमध्ये विचारलं, "ममा, तू का रडतेस? हरलीस म्हणून?"

पाऊस मोठा यायच्या आत तिने मला तिची जागा दाखवली. तिला ती फार आवडली होती. आत शिरून तिने पाच-सहा ताटं वाकवून त्यांचं छप्पर केलं होतं, खाली पानं अंथरली होती. आम्ही उसात पाला काढताना विसाव्याला करायचो तसंच. तेही तिला मीच सांगितलं होतं. मी तिथून कापलेल्या कडेपर्यंत ओळी मोजल्या. चार होत्या. मी पुन्हा मोजल्या. चारच. यंत्र एका फेरीत सहा घ्यायचं.

"तुला तो आवाज आला नाही का गं? यंत्राचा?"

"आला. खूप मोठा होता. मी कान बंद करून घेतले."

"भीती नाही वाटली?"

"वाटली." तिने गुडघ्यावरचा चिखल खरवडला. "पण बाहेर आले असते तर हरले असते ना."

टॅक्सीतून उतरून नवरा पावसातून धावत आला तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन ओमाच्या स्वयंपाकघरात बसले होते. ओमाने तिला गरम दूध दिलं होतं. किल्ली अजून तिच्या खिशातच होती आणि चालक बाहेर यंत्राच्या खोलीत गुपचूप बसला होता.

रात्री तिला झोपवताना मी नवा नियम सांगितला. म्हटलं, बाळा, यापुढे मी "डाव मोडला" असं ओरडले की तो खरंच मोडलेला असतो. मग कुठेही असलीस, कितीही छान लपलेली असलीस, तरी लगेच यायचं. हरलीस तरी चालेल. तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि विचार केला. मग ती मराठीत बोलली. ती मराठीत सहसा बोलायची नाही, पण तिला मला नीट समजावं असं वाटत असावं.

"आणि तुझ्या आवाजात दुसरंच कोणी म्हणालं तर?"

मी दिवा बंद केला नाही. ती झोपेपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते.